घातलेले पैसे, पुढचे पैसे

पुण्याजवळच्या भोसरीतलं एखादं छोटं वर्कशॉप घ्या. १२ लाखांचं सीएनसी मशीन (कॉम्प्युटरवर चालणारं, धातू कापणारं यंत्र) बंद पडलंय. दुरुस्तीला ४ लाख लागणार आणि नंतर त्यातून फार तर ३ लाख सुटणार. मालक तरी म्हणतो, "एवढे घातलेत, आता सोडायचं कसं?" कॉस्टिंगच्या वर्गात या १२ लाखांना बुडीत खर्च, म्हणजे काहीही केलं तरी परत न येणारे पैसे, म्हणतात आणि ते हिशेबाबाहेर ठेवायला शिकवतात. पुण्यात बीएमसीसी हे कॉमर्सचं कॉलेज १९४३ पासून आहे, कॉमर्स शिकलेल्यांची इथे वाण नाही. मग शिकलेला माणूस वेगळं वागतो का?

नियम जुनाच आहे. व्यापारात झालं ते कायमचं झालं, असं जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञानं १८७१ मध्ये लिहून ठेवलं होतं. माणसं तसं वागत नाहीत, हे आर्क्स आणि ब्लूमर या संशोधकांनी १९८५ मध्ये नाटकाच्या तिकिटांवरून दाखवलं. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठात हंगामाचं तिकीट काहींना पूर्ण १५ डॉलरला, तर काहींना अनपेक्षित सवलतीत १३ किंवा ८ डॉलरला दिलं. पूर्ण पैसे मोजलेले लोक हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात जास्त नाटकांना गेले. 'पैसे वसूल' ही वृत्ती फक्त आपली नाही तर! त्याच अभ्यासात अर्थशास्त्र शिकणारे विद्यार्थीही इतरांसारखेच चुकले. त्यामुळे शिकवून उपयोग नाही, असा समज पसरला.

मला तो घाईचा वाटतो. लॅरिक, मॉर्गन आणि निस्बेट या संशोधकांनी १९९० मध्ये नेमका हाच नियम रोजची उदाहरणं देऊन थोडक्यात शिकवला, तेव्हा लोकांची उत्तरं सुधारली. अर्थशास्त्राचे प्राध्यापकही इतर विषयांच्या प्राध्यापकांपेक्षा या नियमाला जास्त धरून होते. म्हणजे विषयाची पदवी वेगळी आणि या एका नियमाचा सराव वेगळा.

निवड स्वतःची असली की गणित अवघड होतं. स्टॉ या संशोधकानं १९७६ मध्ये २४० कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना एका कंपनीचा संशोधनाचा निधी वाटायला दिला. पहिल्या फेरीतला विभाग ज्यांनी स्वतः निवडला होता आणि तो तोट्यात गेला, त्यांनीच दुसऱ्या फेरीत त्यात सर्वाधिक पैसे ओतले. निवड दुसऱ्याची असली की हात आखडता व्हायचा. भोसरीत मशीन पसंत करणारा, त्यासाठी कर्ज काढणारा आणि आता दुरुस्तीच्या कोटेशनवर सही करणारा माणूस बहुतेक एकच असतो.