गंडागाय : पुरामुळे जागा बदललेलं गाव

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये, सिडनीच्या नैर्ऋत्येला सुमारे ३९० किलोमीटरवर मरमबिजी नदीकाठी गंडागाय आहे. वस्ती साधारण दोन हजार. भोवती मेंढ्या-गुरांची कुरणं, काठाला जुने रेड गम वृक्ष. ही मूळची विराड्जुरी लोकांची भूमी.

सिडनीहून पोर्ट फिलिपकडे, म्हणजे आजच्या मेलबर्नकडे जाणाऱ्या वाटेवर नदी ओलांडायला ही जागा सोयीची होती. त्यामुळे १८३८ मध्ये इथे गाव आखलं गेलं, आणि तेही थेट नदी आणि मॉर्लीज क्रीक यांच्यामधल्या सखल मैदानात. नदी किती चढते हे विराड्जुरींनी गोऱ्या वसाहतवाल्यांना बजावलं होतं. १८४४ मध्ये पाणी गावात शिरलंही. तरी गाव जागचं हललं नाही. पिढ्यान्‌पिढ्या नदीकाठी राहिलेल्या माणसांचं कुणी ऐकलं नाही, आणि या गावाच्या इतिहासातली मला सर्वांत जास्त सलणारी गोष्ट तीच आहे.

२४ जून १८५२ च्या रात्री मरमबिजीने पात्र सोडलं. लोक माळ्यांवर, छपरांवर, झाडांवर चढले. घरं एकेक करून वाहून गेली. सुमारे २५० वस्तीतली किमान ७८ माणसं दगावली, काही नोंदींत हा आकडा ८९ आहे. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवलेल्या इतिहासातला हा सर्वांत प्राणघातक पूर मानला जातो.

वाचले त्यांच्यातले बरेचसे यारी आणि जॅकी जॅकी या दोन विराड्जुरी पुरुषांमुळे वाचले. यारीकडे होती झाडाच्या सालीची नाव. खोडावरून सालीचा एक अखंड पट्टा सोलून काढायचा आणि त्याचीच नाव करायची, ही इथली जुनी रीत. अशा नावेत एका खेपेला जेमतेम एक माणूस मावायचा. वाहून येणारे ओंडके चुकवत, अंधारात, यारी पुन्हापुन्हा त्या प्रवाहात गेला. एकट्या यारीने ४९ जणांना काठाला आणल्याचं सांगतात. जॅकी जॅकीने मोठ्या बोटीतून आणलेले धरले तर एकूण ६९. म्हणजे गावातला चौथ्या हिश्शाहून जास्त माणूस.

पुढच्याच वर्षी पुन्हा पूर आला. त्यानंतर मात्र गाव माउंट पार्नेससच्या उतारावर आणि नदीपलीकडच्या उंचवट्यावर सरकलं. मधलं पूरमैदान ओलांडायला १८६७ मध्ये प्रिन्स आल्फ्रेड पूल झाला. त्याचा लाकडी मार्ग जवळजवळ एक किलोमीटर लांबीचा होता. पार मोडकळीला आल्यावर २०२१ मध्ये तो उतरवला. ह्यूम महामार्ग १९७७ मध्ये गावाबाहेरून गेला आणि मुख्य रस्त्यावरची रहदारी ओसरली.

यारी आणि जॅकी जॅकी यांना गावाने काय दिलं? छातीवर लटकवायचे धातूचे बिल्ले, आणि गावकऱ्यांकडे सहा पेन्स मागण्याची मुभा. यारी १८८० मध्ये वारला. पुढे गंडागाय देशभर ओळखलं गेलं ते शिदोरीच्या पेटीवर बसलेल्या कुत्र्याच्या पुतळ्यामुळे. बैलगाडीवाल्यांच्या लोककथेतला हा कुत्रा; फ्रँक रुस्कोनी यांनी घडवलेल्या त्या पुतळ्याचं अनावरण १९३२ मध्ये पंतप्रधान जोसेफ लायन्स यांच्या हस्ते झालं. यारी आणि जॅकी जॅकी यांचा कांस्य पुतळा शेरिडन स्ट्रीटवर उभा राहायला मात्र २०१७ साल उजाडलं, म्हणजे पुरानंतर १६५ वर्षं.