कंपोझिटमधले बोल्टचे जोड : ताकद आणि बिघाडाचा अंदाज

कार्बन नाहीतर काचेचे धागे रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या, प्लास्टिकसारख्या चिकट द्रव्यात) बसवून केलेले पत्रे, म्हणजे कंपोझिट, बोल्टने जोडले तर जोड किती भार घेईल आणि भोकाभोवती बिघाड कुठून सुरू होईल, हे आधीच काढायचं गणित. मोडायचे मुख्य प्रकार तीन : भोकाच्या दोन्ही बाजूंनी पट्टी तुटते, बोल्टच्या पुढचा तुकडा कडेकडे सरकून निघतो, किंवा बोल्ट भोकाचा काठ चेंबवत जातो (बेअरिंग). डिझायनरला शेवटचाच हवा असतो कारण तो हळूहळू होतो. म्हणून भोकापासून कड साधारण व्यासाच्या ३ पट लांब ठेवतात.

स्टीलमध्ये भोकाकाठी ताण वाढला की धातू यील्ड होऊन (न तुटता कायमचा ताणला जाऊन) भार वाटून देतो, कंपोझिटला ते फारसं जमत नाही. सोलापुरी चादरीला भोक पाडून ताणली तर तुटलेल्या धाग्यांचा भार शेजारच्यांवर येतो, पण चादरीतले धागे जरा सरकून घेतात, रेझिनमध्ये जखडलेले कुठे सरकणार.

नुसता काठावरचा ताण धरला तर ताकद फार कमी दिसते, शिवाय मोठं भोक छोट्यापेक्षा कमकुवत का हेही कळत नाही, म्हणून काठापासून थोडं आत जाऊन ताण बघतात. या कल्पनेचं श्रेय बहुतेक जण व्हिटनी आणि नुइस्मर यांच्या १९७४च्या कामाला देतात. वॉडप्स, आयझेनमन, कमिन्स्की यांचं १९७१चं काम आधीचं खरं, पण ते फ्रॅक्चरच्या (तडा कसा वाढतो या) वाटेने गेलेलं, त्यामुळे १९७४च धरलेलं बरं. चँग, स्कॉट, स्प्रिंगर यांनी १९८२च्या सुमारास हे बोल्टच्या जोडाला लावलं आणि एका अंतराऐवजी भोकाभोवती वक्ररेषा घेतली. वाद असा की हे अंतर मटेरियलचा गुणधर्म आहे का? थरांची रचना, भोकाचा आकार बदलला की तेही बदलतं, म्हणजे परत टेस्ट आल्याच. तेव्हा जुळवून घेतलेला आकडा म्हणणंच जास्त पटतं.

नंतरची वाट प्रोग्रेसिव्ह डॅमेजची, म्हणजे बिघाड टप्प्याटप्प्याने कसा वाढतो ते कॉम्प्युटरवर बघायची. हॅशिनचे १९८०चे निकष धागा आणि रेझिन वेगळे तपासतात, जिथे बिघाड दिसेल तिथली स्टिफनेस (ताठपणा) कमी करायची, भार वाढवायचा, पुन्हा गणित. कमान्यो आणि मॅथ्यूज यांचं १९९९चं त्रिमिती मॉडेल याच जातीचं. गणितासाठी पत्र्याचे छोटे तुकडे पाडून केलेली जाळी बारीक केली की उत्तर हलतं, ही यातली जुनी डोकेदुखी.

नट आवळल्याने बेअरिंगची ताकद वाढते, पण रेझिन क्रीप होऊन (कायमच्या दाबाखाली हळूहळू दबत जाऊन) आवळ सैल पडतो, म्हणून हिशेबात पूर्ण धरत नाहीत. सोलापूरच्या मे महिन्यात पारा ४०च्या वर जातो, उन्हातला पत्रा त्याहून तापतो. धाग्यांना दाबात आधार रेझिनचाच आणि ते तापलं की मऊ पडतं, तेव्हा थंड लॅबमधला आकडा इथे तसाच वापरू नये, आणि ओल मुरलेली असली तर अजूनच नाही. कार्बनला ॲल्युमिनियमचा बोल्ट लावला तर बोल्ट गंजतो, त्यामुळे विमानात टायटॅनियमचे वापरतात.