सिंगल फेजिंग

तीन फेजवर चालणाऱ्या मोटरचा एक फेज तुटतो आणि उरलेल्या दोन तारांवर ती तशीच फिरत राहते, या बिघाडाला सिंगल फेजिंग म्हणतात. ‘एक फेज गेला’ हे त्याचे बोलीतले नाव. कोल्हापूर जिल्ह्यात पंचगंगा, भोगावती, दूधगंगेच्या काठाने उसाला पाणी उपसणाऱ्या मोटरी जळण्यामागे हे मोठे कारण असते. डीपीपासून (गावाजवळच्या वीज ट्रान्सफॉर्मरपासून) नदीपर्यंत लांबलचक तार, मध्ये अनेक जोड, ‘ऑटो’वर टाकलेला (वीज येताच मोटर आपोआप सुरू करणारा) स्टार्टर आणि जवळ माणूस नाही, अशी तिथली मांडणी असते.

तीन फेजच्या दाबांत (व्होल्टेजांत) १२० अंशांचे अंतर असते, म्हणून स्टेटरमधले (मोटरच्या स्थिर भागातले) चुंबकीय क्षेत्र फिरते आणि रोटरला (फिरणाऱ्या भागाला) ओढून नेते. एक फेज गेला की क्षेत्र फिरायचे थांबते व जागच्या जागी उलटसुलट होऊ लागते. उभी मोटर मग सुटतच नाही. नुसती घुमते आणि नेहमीच्या पाचपटीच्या आसपास प्रवाह ओढते. आधीच वेगात असलेली मोटर मात्र थांबत नाही. आवाज थोडा बदलतो, पाणी पडतच राहते, आणि खरा घात इथेच होतो.

पंपाला लागणारी शक्ती तेवढीच असल्याने उरलेल्या दोन तारांतला प्रवाह ढोबळमानाने १.७३ पट होतो. ५ एचपीची मोटर पूर्ण भाराला ४१५ व्होल्टवर ७.५ अँपिअरच्या आसपास घेते. तो आकडा १३ वर जातो. डेल्टा जोडणीत, म्हणजे त्रिकोणात जोडलेल्या मोटरीत, हा प्रवाह तिन्ही वाइंडिंगांत (तारेच्या गुंडाळ्यांत) सारखा वाटला जात नाही. दोन जिवंत तारांमधल्या वाइंडिंगमधून त्याचा दोन-तृतीयांश भाग जातो, म्हणजे तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या दुप्पट. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ती चौपट.

फेज जाण्याची ठिकाणे ठरलेली आहेत: उडालेला किटकॅट (चिनी मातीचा) फ्यूज, तारेच्या टोकाचा सैल लग, काँटॅक्टरचा (स्टार्टरमधल्या चुंबकी स्विचचा) जळका पॉइंट. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत स्टार्टरच्या पेट्या पाण्याखाली गेल्या. पाण्यात गेलेले असे पॉइंट बदलल्याशिवाय वापरू नयेत. डीपीवरचा ११ केव्हीचा एक फ्यूज उडाला तर खूण फसवी असते: बल्ब तिन्ही फेजवर लागतो, फक्त दोन ठिकाणी मंद. कारण त्या दोन फेजवर दाब निम्म्यावर आलेला असतो. अशा वेळी मोटरच्या एका तारेत इतर दोन तारांच्या दुप्पट प्रवाह जातो, म्हणून ओव्हरलोड रिले (प्रवाह जास्त झाला की मोटर बंद करणारा) तिन्ही तारांवर असलेलाच हवा.

रिलेचे सेटिंग नावाच्या पट्टीवरच्या अँपिअरइतके ठेवावे. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (तो मोटर आधी स्टार, म्हणजे वाइंडिंगांची टोके एका बिंदूत जोडून, सुरू करतो आणि मग डेल्टात आणतो) रिले वाइंडिंगच्या तारेत असेल तर त्या आकड्याच्या ०.५८ पट. सारखा ट्रिप होतो म्हणून तो वर सरकवणे म्हणजे मोटरचे संरक्षण काढून घेणे. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (फेज गेला की मोटर बंद करणारे उपकरण) घेताना तो काय मोजतो ते पाहावे. निव्वळ दाब मोजणारा स्वस्त प्रिव्हेंटर चालू मोटरवर फसू शकतो, कारण फिरणारी मोटर तुटलेल्या फेजवर स्वतःच दाब तयार करते. शिवाय त्याच्या पुढे, मोटरच्या बाजूला तार तुटली तर त्याला कळतच नाही. सीटीमधून (प्रवाह मोजणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून) तिन्ही तारांचा प्रवाह पाहणारा प्रिव्हेंटर या दोन्ही वेळी मोटर बंद करतो. शंका आली की चालू मोटरच्या तिन्ही तारांवर टाँग टेस्टर (तारेभोवती चिमट्यासारखा लावून प्रवाह मोजणारा मीटर) लावावा. एका तारेत शून्य दिसले की निदान झाले.

जळालेली मोटर कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा गावातल्या वाइंडिंगच्या दुकानात उघडली की कारण तारेवरच दिसते. स्टार जोडणीत दोन फेजची गुंडाळी काळी आणि एकाची कोरी, डेल्टात एकाची काळी आणि दोघांची कोरी, तर सिंगल फेजिंग. मोटर भरण्याआधी (नवी गुंडाळी घालण्याआधी) स्टार्टर, फ्यूज आणि तारेचे जोड तपासले नाहीत, तर नवी वाइंडिंगही तशीच जाते. तिन्ही फेज सारखे काळे पडले असतील तर आधी पंपाकडे पाहावे: अडकलेला इंपेलर (पंपातले पाणी ढकलणारे चक्र), जाम बेअरिंग; मग पुरवठ्याच्या कमी व्होल्टेजकडे.