दिवाडीचा बोंडेरम: शिवेच्या भांडणाचा सण

मुंबईहून मडगावला जाणारी गाडी थिवी सोडते आणि करमळी यायच्या आत मांडवीचं पाणी ओलांडून हिरव्यागार शेतांवरून धावते. ती शेतं दिवाडी बेटाची. कोकण रेल्वे बेटावरून जाते, थांबत मात्र नाही. उतरायचं तर जुनं गोवं, रायबंदर किंवा नार्वे इथून फेरीबोट धरायची. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी या फेरीबोटींना उसंत नसते, कारण त्या दिवशी पिएदाद गावात बोंडेरम असतो. बेटावरच्याच मळार गावचा बोंडेरम त्याच्या आधीच्या शनिवारी होऊन गेलेला असतो.

पोर्तुगीज भाषेत झेंड्याला ‘बांदेइरा’ म्हणतात. त्याचंच गोव्याच्या तोंडी बोंडेरम झालं. बेटावर पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ती गोष्ट अशी: वाड्यावाड्यांत हद्दीवरून कज्जे चालत, डोकी फुटत. शेवटी पोर्तुगीज सरकारनं शिवांवर निरनिराळ्या देशांचे झेंडे रोवले. ज्यांना ही वाटणी मान्य नव्हती, त्यांनी दगड मारून ते पाडले. आजच्या मिरवणुकीत प्रत्येक वाडा आपला झेंडा घेऊन येतो, तो याच भांडणाची नक्कल म्हणून.

एवढ्याशा बेटावर लोकांनी हातभर जमिनीसाठी जिवावर का उठावं? माझ्या मते याचं उत्तर खाजन शेतीत आहे. भरतीचं खारं पाणी बांध घालून अडवायचं, मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणदाराच्या, दारांनी ते आत-बाहेर सोडायचं आणि अशी समुद्राकडून सोडवून घेतलेल्या जमिनीत भात पिकवायचं. बांध फुटला तर एकाचं नाही, सगळ्यांचंच शेत खारं होतं. म्हणून ही शेती ‘गावकरी’ नावाच्या गावाच्या सामायिक संस्थेची, म्हणजे पुढच्या काळातल्या कोमुनिदादीची. जमीन सामायिक आणि डागडुजीही सामायिक. अशा ठिकाणी बांध कुठवर आपला आणि कुठून शेजाऱ्याचा, हा पोटाचा प्रश्न होता.

दगडांची जागा पुढे फोताशीनं घेतली. फोताश म्हणजे बांबूची वीतभर पोकळ नळी आणि तिच्यात बसणारी काठी. एक हिरवं फळ, बहुतेकदा तिरफळ, नळीच्या पुढच्या टोकापर्यंत सारायचं, मागून दुसरं घालायचं आणि काठी जोरात रेटायची. मधली हवा दाबली जाते आणि पुढचं फळ फट्ट आवाज करून उडतं. अंगावर बसलं की चांगलंच चरचरतं. आता ब्रास बँड आला, सजवलेले चित्ररथ आले, बक्षिसं आली. पण चित्ररथ कुठल्याही शहरात दिसतात. फोताश बघायची तर दिवाडीलाच यावं.

बेटाचा याहून जुना उत्सव आता बेटावर नाही. कदंब राजांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर मुळात दिवाडीवरचंच. बहामनी स्वारीत देऊळ पडलं, विजयनगरच्या अमलात माधव मंत्र्यानं ते पुन्हा उभारलं आणि 1540 मध्ये पोर्तुगीजांनी मोडलं. पुढे लिंग गुपचूप नदीपार डिचोलीच्या बाजूला नेलं गेलं. तिथं 1668 मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं देवळाचं काम सुरू झालं. तसा शिलालेख दारावर आहे. अलीकडच्या डागडुजीनंतर 2023 मध्ये हे देऊळ पुन्हा खुलं झालं. नदीच्या दोन्ही काठांना आज नार्वे हेच नाव आहे. गोकुळाष्टमीला भाविक पलीकडच्या तीरावर पंचगंगा तीर्थात स्नान करतात, तेव्हा अलीकडच्या तीरावर बोंडेरमची तयारी चाललेली असते किंवा तो नुकताच सरलेला असतो. पिएदादच्या टेकडीवर, चर्चच्या दफनभूमीतल्या छोट्या चॅपेलमध्ये मान वर केली की जुन्या देवळाचं कदंबकालीन कोरीवकाम दिसतं. बेटाचा इतिहास एका जागी बघायचा तर या छताखाली पाच मिनिटं उभं राहावं.

ऑगस्ट सरला की बेट पुन्हा शांत होतं, ते थेट कार्निव्हालपर्यंत. पणजीत चित्ररथ निघतात, त्या दिवसांत दिवाडीवर पोतेकार, म्हणजे सोंग घेतलेले गावकरी, फिरतात. जुनेपाने कपडे, तोंडावर भेसूर मुखवटा, अंगावर वाजत्या घंटा. घंटांचा आवाज आला की पोरं आधी पळतात आणि मग त्याच्याच मागे लागतात. हा पोतेकार कोण, हे ओळखण्यात मोठ्यांचीही पैज लागते, म्हणून तो शक्यतो बोलत नाही. आवाज फुटला की ओळख फुटली. असे तीन दिवस. चौथ्या दिवशी राखेचा बुधवार, ख्रिस्ती उपासकाळाचा पहिला दिवस. मुखवटा काढलेला तोच चेहरा मग चर्चमध्ये पाद्रींपुढे कपाळावर राख लावून घ्यायला रांगेत उभा असतो.