राउटिंग व स्विचिंग प्रशिक्षण (बडोदे)

राउटिंग व स्विचिंग प्रशिक्षण : संगणकांची जाळी बांधणे, चालती ठेवणे व त्यांतील बिघाड शोधणे या कामाचे व्यावसायिक शिक्षण. एकाच जाळ्यातील यंत्रांमध्ये फ्रेम (माहितीचा पत्ता लावलेला तुकडा) योग्य त्या पोर्टवर (जोडणीच्या खोबणीवर) पोहोचवणे हे स्विचचे काम, तर भिन्न जाळ्यांमध्ये पॅकेटला (जाळ्यांपलीकडे जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याला) वाट दाखवणे हे राउटरचे. बडोद्यात या विषयाची तात्त्विक बाजू महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रशास्त्र व अभियांत्रिकी विद्याशाखेत शिकवली जाते. प्रमाणपत्र परीक्षांची तयारी मुख्यतः खाजगी क्लासमधून होते.

राउटर प्रथम कोणी तयार केला याविषयी एकमत नाही. रूढ कथेनुसार स्टॅनफर्ड विद्यापीठातील लेनर्ड बोसॅक व सँडी लर्नर या दांपत्याने आपापल्या विभागांचे संगणक जोडण्यासाठी तो बनवला आणि १९८४ मध्ये सिस्को कंपनी स्थापन केली. कंपनीच्या स्थापनेचे वर्ष बरोबर आहे, पण शोधाचे श्रेय असे एकवटता येत नाही. स्टॅनफर्डच्या ‘ब्लू बॉक्स’ या राउटरचे सॉफ्टवेअर विल्यम येगर यांनी सुमारे १९८० पासून लिहिले, त्यातील हार्डवेअरची रचना अँडी बेख्टोल्शाइम यांची होती आणि १९८७ मध्ये विद्यापीठाने हे तंत्र परवान्याने सिस्कोला दिले. साधारण येगर यांच्या कामाच्याच काळात एमआयटीमध्ये नोएल चियाप्पा यांनी अनेक प्रोटोकॉल (संगणकांमधील संवादाचे नियम) हाताळणारा राउटर स्वतंत्रपणे सिद्ध केला. त्याहून मागे गेल्यास बीबीएन या कंपनीत व्हर्जिनिया स्ट्रॅझिसार यांनी १९७५–७६ च्या सुमारास जाळी जोडणारा ‘गेटवे’ तयार केलेला दिसतो. १९६९ पासून अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यात बसवलेली आयएमपी यंत्रेही वाट निवडत, परंतु एकाच जाळ्याच्या आत. भिन्न जाळी जोडणे हेच राउटरचे लक्षण मानले, तर बीबीएनच्या गेटवेला अग्रक्रम देणे अधिक सयुक्तिक ठरते.

स्विचविषयी वाद कमी आहे. कल्पना या कंपनीने १९९० मध्ये आणलेला इथरस्विच हा बाजारातील पहिला इथरनेट (स्थानिक जाळ्याची प्रचलित पद्धत) स्विच समजला जातो. भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज हे तिचे एक संस्थापक. १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. मात्र तत्त्वतः स्विच म्हणजे अनेक पोर्टचा ब्रिजच (जाळ्याचे भाग जोडणारे यंत्र), आणि ब्रिज १९८० च्या दशकातच वापरात आले होते. ब्रिजांची जोडणी वर्तुळाकार झाली की फ्रेम थांबत नाही, कारण पॅकेटला असते तशी आयुष्याची मर्यादा इथरनेट फ्रेमला नसते. ब्रॉडकास्ट, म्हणजे सर्वांना उद्देशून पाठवलेल्या, फ्रेमच्या प्रती वाढत जातात आणि काही क्षणांत सगळे जाळे ठप्प होते. डीईसी कंपनीत रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये मांडलेली स्पॅनिंग ट्री पद्धत काही पोर्ट मुद्दाम बंद ठेवून ही वर्तुळे तोडते. या एका कल्पनेवाचून आजचा स्विचिंगचा अभ्यासक्रम उभाच राहत नाही.

प्रशिक्षणाला आजचे रूप मुख्यतः सिस्कोच्या परीक्षांनी दिले. सर्वोच्च श्रेणीची सीसीआयई ही परीक्षा १९९३ मध्ये आणि प्राथमिक श्रेणीची सीसीएनए १९९८ मध्ये सुरू झाली, म्हणजे कळस आधी आणि पाया नंतर असा क्रम आढळतो. शाळा-महाविद्यालयांसाठीची नेटवर्किंग अकॅडमी १९९७ ची. २०१३ मध्ये सीसीएनएच्या नावाला ‘राउटिंग अँड स्विचिंग’ हे शब्द जोडले गेले. २४ फेब्रुवारी २०२० रोजी ते वगळून बहुतेक शाखांसाठी २००-३०१ ही एकच परीक्षा ठेवण्यात आली. तीत आयपी जोडणीला २५ टक्के, मूलतत्त्वे व स्थानिक जाळे यांना प्रत्येकी २०, सुरक्षेला १५, तर आयपी सेवा व स्वयंचलन यांना प्रत्येकी १० टक्के भार आहे. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते. परीक्षेतून नाव गेले तरी क्लासच्या पाट्यांवर व बोलण्यात जुनेच नाव टिकून आहे.

बडोद्यात तंत्रशिक्षणाची परंपरा जुनी आहे. तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने आणि त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये येथे कलाभवन स्थापन झाले. १९४९ मध्ये विद्यापीठ झाल्यावर आजची तंत्रशास्त्र विद्याशाखा त्याच्याच वास्तूत व वारशावर उभी राहिली. नेटवर्किंगच्या क्लासचे मूळ कलाभवनात शोधणे ओढूनताणून होईल. तथापि हाताने करून शिकण्याचा तेथील आग्रह या विषयाला आजही लागू पडतो. खाजगी क्लास प्रामुख्याने सयाजीगंज, फत्तेगंज व अलकापुरी या भागांत आहेत. दांडिया बाजार, रावपुरा येथील मराठी घरांतली मुले तेथे गुजराती-हिंदीतून शिकतात आणि घरी मराठीतून उजळणी करतात.

अभ्यासक्रमाची सुरुवात केबल क्रिंप करण्यापासून (तिच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवण्यापासून) आणि कन्सोल केबल लावून राउटरशी बोलण्यापासून होते. त्यानंतर येणारे सबनेटिंग, म्हणजे जाळ्याचे लहान भाग पाडणे, हा खरा उंबरठा आहे. १९२.१६८.१०.०/२४ (तिरप्या रेषेनंतरचा अंक पत्त्यातील किती बिट जाळ्याचे ते सांगतो) या जाळ्याचे /२६ ने चार भाग केले, तर प्रत्येक भागात ६४ पत्ते येतात. पहिला जाळ्याचा व शेवटचा ब्रॉडकास्टचा वगळून यंत्रांना ६२ उरतात. हे गणित कागदाशिवाय जमू लागेपर्यंत पुढचे धडे नुसते पाठ होतात, समजत नाहीत.

राउटिंगमध्ये नेहमी होणारा घोटाळा वाटेच्या निवडीचा आहे. हाताने घातलेल्या स्थिर वाटेचा विश्वासांक (अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स) १, तर वाटा आपोआप शिकणाऱ्या प्रोटोकॉलपैकी ओएसपीएफचा ११०, आरआयपीचा १२० हे विद्यार्थी पाठ करतात आणि लहान अंक नेहमी जिंकतो असे धरून चालतात. वस्तुतः हे अंक एकाच जाळ्याकडे, त्याच लांबीच्या प्रीफिक्सने (पत्त्यातील जाळ्याच्या भागाने) जाणाऱ्या वाटांची तुलना करण्यापुरते असतात. पॅकेट पाठवताना आधी सर्वांत लांब जुळणारा प्रीफिक्स पाहिला जातो. म्हणून /२६ ची आरआयपी वाट /२४ च्या स्थिर वाटेला मागे टाकते. बऱ्याच टिपणांत ही बाब एका ओळीत उरकली जाते. तिच्यावर स्वतंत्र प्रात्यक्षिक असणे आवश्यक आहे.

सरावासाठी पॅकेट ट्रेसर किंवा जीएनएस३ ही आभासी जाळे उभारणारी सॉफ्टवेअर पुरतात आणि खर्च वाचवतात. पण सैल कनेक्टर, चुकीचा बसलेला पिन किंवा चुकून दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये गेलेली पॅच कॉर्ड यांची सवय प्रत्यक्ष रॅकसमोरच होते. जेथे जुने का होईना, खरे राउटर व स्विच हाताळायला मिळतात, ते क्लास यामुळे सरस मानावेत.

कामाच्या संधींपैकी एक बडोद्याला विशेष लागू आहे. कोयली येथे १९६५ पासून तेलशुद्धीकरण कारखाना आहे आणि भोवती खत व रसायनांचे उद्योग आहेत. अशा कारखान्यांत यंत्रनियंत्रणाचे जाळे कार्यालयाच्या जाळ्यापासून व्हीलॅन (एकाच स्विचवर आखलेली वेगळी आभासी जाळी) व फायरवॉल यांनी अलग ठेवावे लागते. जुनी स्पॅनिंग ट्री पद्धत बदलानंतर स्थिर व्हायला ५० सेकंदांपर्यंत वेळ घेऊ शकते. कार्यालयात हे एक वेळ चालते, नियंत्रणकक्षात मुळीच नाही. तेथे वलयाकार जोडणीसाठी एमआरपी (मीडिया रिडंडन्सी प्रोटोकॉल) हा प्रोटोकॉल वापरतात, ज्यात ५० स्विचांपर्यंतचे वलय सुमारे २०० मिलिसेकंदांत सावरते. सीसीएनएच्या पाठ्यक्रमात तो येत नाही. बडोद्याच्या अभ्यासक्रमांनी तो जोडून घेणे इष्ट आहे.