चार सिलिंडरांपेक्षा हलके आठ

गाड्यांच्या गप्पांमध्ये एक वाक्य हमखास येतं: जुन्या स्पोर्ट्स गाडीत मोठं इंजिन घातलं की ती पळते जोरात, पण वळत नाही, कारण आठ सिलिंडरांचं धूड पुढे बसलेलं असतं. ‘वळत नाही’ हे पुष्कळदा खरं असतं. चूक होते ती सिलिंडर मोजण्यात. हे तपासायला एमजीबी ही ब्रिटिश गाडी उत्तम, कारण तिच्या एकाच सांगाड्यात कारखान्यानेच चार, सहा आणि आठ सिलिंडरांची इंजिनं बसवली होती.

एमजीबी १९६२ साली आली. बॉनेटखाली १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन; ब्लॉक बिडाचा, हेडही बिडाचं. या घराण्याशी आपली जुनी ओळख आहे. अॅम्बॅसडरमध्ये वर्षानुवर्षं चाललेलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन बी-सिरीजचंच. दणकट, कुठल्याही मेकॅनिकला उघडता येईल असं, पण जड.

१९६७मध्ये त्याच सांगाड्यात एका रांगेतलं सहा सिलिंडरांचं २९१२ सीसी इंजिन घालून एमजीसी काढली. ताकद ९५ अश्वशक्तीवरून १४५वर गेली, पण हे इंजिनही बिडाचं आणि चार सिलिंडरवाल्यापेक्षा सुमारे ९५ किलोनं जड. ते मावावं म्हणून बॉनेटला फुगवटा द्यावा लागला, पुढचं सस्पेन्शन बदलावं लागलं. वळणावर गाडीचं नाक बाहेर जातं, ही तक्रार पहिल्यापासून झाली आणि १९६९मध्ये एमजीसी बंद पडली.

नाक जड झालं की गाडी का वळत नाही? ‘वजन जास्त म्हणून’ एवढं उत्तर पुरत नाही. शाळेतलं सूत्र आठवा: घर्षणबल म्हणजे घर्षणांक गुणिले लंबबल. पुढच्या चाकांवरचं वजन १५ टक्क्यांनी वाढलं तर नाक वळवायला लागणारं अभिकेंद्री बल १५ टक्क्यांनी वाढेल, आणि सूत्रानुसार टायरची पकडही तेवढीच वाढेल. हिशेब बरोबरीत सुटतो. मग फरक पडायलाच नको.

पण रबर हे सूत्र पाळत नाही. रस्ता सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो आणि पकड ठरते ती रबर त्या खाचाखोचांना प्रत्यक्ष किती टेकतं यावर. मऊ रबर थोड्या वजनानेच बऱ्याच खाचांत शिरतं. पुढे वजन वाढवत नेलं तरी टेकणारी जागा त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणजे घर्षणांकच घसरत जातो. समजा, १५ टक्के जादा वजनाला पकड १० टक्केच वाढली. उरलेली तूट टायरला जास्त मुरगळून भरून काढावी लागते. वळताना टायर तोंड असलेल्या दिशेला नेमका जातच नाही. रबर पिळलं जातं आणि टायरचं तोंड व त्याची प्रत्यक्ष वाट यांत काही अंशांचा कोन पडतो, तो स्लिप अँगल. गाडीला आत ओढणारं बल याच कोनातून मिळतं. पुढच्या टायरांना मागच्यांपेक्षा मोठा कोन लागला की स्टीअरिंग आणखी फिरवावं लागतं. कोन मर्यादेपलीकडे गेला की कितीही फिरवा, गाडी सरळच जाऊ पाहते. हाच अंडरस्टीअर. शिवाय वळणावर आतल्या चाकावरचा भार बाहेरच्या चाकावर जातो, आणि त्याच घसरत्या घर्षणांकामुळे बाहेरचा टायर जेवढी पकड कमावतो त्याहून जास्त आतला गमावतो. नाक जड असेल तर हा तोटा पुढच्या जोडीला अधिक.

आता आठ सिलिंडर. अमेरिकेतल्या ब्युइकनं १९६१च्या गाड्यांसाठी संपूर्ण अॅल्युमिनियमचं छोटं व्ही-८ (चार-चार सिलिंडरांच्या दोन तिरक्या ओळी) काढलं होतं. जनरल मोटर्सनं १९६३नंतर ते सोडलं आणि १९६५मध्ये ब्रिटनच्या रोव्हरनं त्याचे हक्क घेतले. रोव्हरच्या रूपात ते ३५२८ सीसीचं. अॅल्युमिनियमची घनता लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश असली तरी इंजिनाचं वजन तेवढं उतरत नाही: भिंती जाड ठेवाव्या लागतात, सिलिंडरमध्ये लोखंडी लायनर बसवावे लागतात, क्रँकशाफ्टही लोखंडाचाच. तरीही हे व्ही-८ एमजीबीच्या चार सिलिंडरच्या इंजिनापेक्षा सुमारे १८ किलोनं हलकं भरलं! शिवाय दोन ओळींमुळे लांबीला ते चार सिलिंडरांएवढंच. वजन गाडीच्या मध्यापासून जितकं दूर, तितकं जडत्व-आघूर्ण, म्हणजे गाडी फिरवायला होणारा विरोध, अंतराच्या वर्गानं वाढतं; सहा सिलिंडरांची लांब रांग तिथेही मार खाते.

हे व्ही-८ घातलेली एमजीबी आधी केन कॉस्टेलो या ब्रिटिश रेसरनं विकायला सुरुवात केली. कारखान्याची १३७ अश्वशक्तीची एमजीबी जीटी व्ही-८ आली १९७३च्या ऑगस्टमध्ये, तेलसंकटाच्या तोंडावर. १९७६पर्यंत २५९१ गाड्या बनल्या आणि ती संपली. माझ्या मते एमजीबीला मिळालेलं हे सगळ्यात शहाणं इंजिन होतं.

अश्वशक्तीच्या आकड्यांना भुलणाऱ्यांनी टॉर्क, म्हणजे इंजिनाची फिरवण्याची ताकद, पाहावा: सुमारे १५० न्यूटन-मीटरवरून २६०च्या वर. त्यामुळे मागच्या अॅक्सलचं गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) ३.९वरून ३.०७वर आणता आलं आणि त्याच वेगाला इंजिनाचे फेरे पाचव्या हिश्शानं कमी झाले. इंधन वाचतं ते अशा हिशेबानं. पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधून मायलेज वाढवण्याची जाहिरात आपल्याकडे अजून चालते. पेट्रोलच्या ज्वलनावर त्या चुंबकाचा काहीही परिणाम होत नाही.

आज असं इंजिन बदलणाऱ्यांना खरी अडचण येते ती एक्झॉस्टची. व्ही-८ला दोन्ही बाजूंनी मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या नळ्या) असतात आणि अरुंद इंजिनखान्यात स्टीअरिंगचा दांडा आडवा येतो. एमजीबीवरूनच बनवलेल्या १९९२च्या एमजी आरव्ही८मध्ये कारखान्यानेच आतल्या पत्र्याला भोकं पाडून पाइप चाकांच्या कमानीतून बाहेर काढले. जुन्या एमजीबीत व्ही-८ बसवणारे अनेक जण आता तीच वाट धरतात. बॉनेटखालची उष्णताही त्यानं कमी होते.