फॅट उतरली? पोतं परत आणण्याआधी दावण बघा

(पेंड-भरडा नेणाऱ्या शिराळा भागातल्या गिऱ्हाइकांसाठी)

बेंदूर झाला की दुकानात एकच तक्रार सुरू होते. "दुधाला साडेतीनच्या वर फॅट लागत होती, आता तीनवर आली. पेंड हलकी दिली काय?" पेंड तीच असते. बदललेली असते ती वैरण.

पाऊस लागून डोंगर अन् बांध हिरवे झाले की गाई चरायला सुटतात. संध्याकाळी पोट टम्म दिसतं, म्हणून कडबा माळ्यावरच राहतो. घोळ इथंच होतो. कोवळ्या गवतात शंभरात 80-85 भाग पाणी असतं. गाईनं 30 किलो गवत खाल्लं तरी पाणी वजा जाता पोटात साडेचार ते सहा किलोच कोरडा चारा जातो. दहा लिटरच्या संकरित गाईला पेंड धरून रोज 12 किलोच्या आसपास कोरडा आहार लागतो. शिवाय फॅट बनते ती मुख्यतः चोथ्यातून, म्हणजे वैरणीतल्या तंतुमय भागातून. चोथा कमी पडला की रवंथ कमी, लाळ कमी, शेण पातळ, आणि डेअरीच्या पावतीवर कपात.

मग घाबरून एका दिवसात दोन किलो पेंड वाढवतात. त्यानं पोटात आम्ल वाढतं, फॅट अजून उतरते, गाय वैरण टाकते. पोतं येतं आमच्या दारात. तोंड सुटलेलं, ओल धरलेलं पोतं आम्ही परत घेत नाही, त्याचा राग मानू नका. बुरशी लागलेला माल दुसऱ्याच्या गाईला घालायचा कसा?

गाय सोडण्याआधी दीड-दोन किलो कडबाकुट्टी घाला, संध्याकाळी परत तेवढीच. कडबा आम्ही विकत नाही, तरी सांगतो. पेंडीचा हिशेब: गाईच्या स्वतःच्या अंगासाठी एक ते दीड किलो, वर दर लिटरमागे 400 ग्रॅम, म्हशीला लिटरमागे 500. हिरवं भरपूर असेल तर त्यातलं किलोभर कमी केलं तरी चालतं. आमचाच खप घटतो, पण गाय आजारी पडली तर गिऱ्हाईकच तुटतं. कोवळ्या गवतात प्रथिनं बरी असतात, तेव्हा सरकी पेंड थोडी कमी करून मका भरडा घ्या. दिवाळीनंतर डोंगरचं गवत वाळून निकस होतं, तेव्हा सरकी परत वाढवा.

बदल कुठलाही असो, 10-15 दिवसांत थोडा थोडा करा. पोटातल्या जिवाणूंना नवा चारा सरावायला तेवढा वेळ लागतो. आणि डब्यानं मोजू नका. भुशाचा डबा अन् गोळीपेंडीचा डबा सारख्या वजनाचा नसतो. काटा दुकानात आहे, डबा घेऊन या, एकदा वजन करून त्यावर खूण करून देतो.

साखर कारखाने सुरू झाले की उसाचं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, येतं. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून नुसत्या वाढ्यावर गाय ठेवू नका. रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्या. एक किलोची पुडी आमच्याकडे मिळते.

पेंड न्यायला येताना डेअरीच्या आठवड्याभराच्या पावत्या आणा, आणि गाय किती महिन्यांची गाभण आहे तेही सांगा. एवढं कळल्याशिवाय आम्ही पोतं बांधत नाही.